बँडवादकांची सांगीतिक पार्श्वभूमी आणि समीक्षेची दृष्टी : मुंबईतील गोमंतकीय वादकांच्या संदर्भात

प्रास्ताविक

मराठी संगीतविषयक लेखनात गायकाचा विचार घराण्याच्या अंगाने करण्याची परंपरा दृढ आहे. गायक कोणाकडे शिकला, किती वर्षे शिकला, गुरूच्या गायकीतील कोणती अंगे त्याने स्वीकारली आणि कोणती सोडली, या प्रश्नांच्या उत्तरांतून त्याच्या कलेचे मूल्यमापन आकाराला येते. ग्वाल्हेर, किराणा, जयपूर ही नावे केवळ गावांची राहिलेली नाहीत, ती समीक्षेच्या संज्ञा बनली आहेत. याउलट बँडमध्ये वाजविणाऱ्या वादकाविषयी असा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे वादन 'पाश्चात्त्य धर्तीचे', 'उडत्या चालीचे' किंवा 'साथसंगतीपुरते' अशा विशेषणांनी वर्णिले जाते आणि चर्चा तेथेच थांबते. त्यालाही कोणी शिकविले असेल, त्याच्या हातालाही काही वळण लागले असेल, ही शक्यता गृहीतच धरली जात नाही.

प्रस्तुत लेखात या उपेक्षेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी विसाव्या शतकात मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत वाजविणाऱ्या गोमंतकीय वादकांचे उदाहरण निवडले आहे. या वादकांची पार्श्वभूमी त्यांच्या संगीतात नेमकी कोठे ऐकू येते, ती कोठे अपुरी पडते आणि तिचा विचार न केल्यामुळे समीक्षेचे कोणते नुकसान झाले, हे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

संकल्पना : पानगृहातील संगीत आणि वादकांची घडण

अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः टेक्सास व ओक्लाहोमा परिसरात, सामान्य श्रमिकांच्या पानगृहांना 'हाँकी-टाँक' म्हणत. १९३३ मध्ये तेथील दारूबंदी उठल्यानंतर अशी पानगृहे वाढली आणि त्यांत वाजणाऱ्या संगीतालाही तेच नाव मिळाले. गर्दीच्या गोंगाटात ऐकू जावे म्हणून त्यात विजेवर चालणारी गिटार आणि ठाशीव ठेका आला. पुढे रॉक संगीताने ही शैली आत्मसात केली. 'रोलिंग स्टोन्स' या इंग्लिश बँडच्या १९६९ मधील एका गाजलेल्या गाण्याच्या शीर्षकातच हा शब्द आढळतो.

या संगीताचा विचार करताना अमेरिकेतील अभ्यासकांनी वादकांच्या घडणीकडे बारकाईने पाहिले. या शैलीचा अग्रणी गायक हँक विल्यम्स (१९२३–१९५३) याची आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे आणि त्याला गिटारचे धडे मिळाले ते रूफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंताकडून. चर्च आणि रस्ता, गौरवर्णीय कुटुंब आणि कृष्णवर्णीय गुरू, अशा दोन भिन्न शाळांतून एक आवाज घडला. ही माहिती चरित्रातील रंजक तपशील म्हणून तेथे वापरली जात नाही, तर त्याच्या गाण्यातील ब्लूजचे वळण स्पष्ट करण्यासाठी वापरली जाते. जॅझमधील लुई आर्मस्ट्राँगच्या बाबतीतही असेच घडले. न्यू ऑर्लिन्समधील अनाथ व उनाड मुलांच्या सुधारगृहातील बँडमध्ये त्याला कॉर्नेट वाजविण्याची रीतसर तालीम मिळाली, या वस्तुस्थितीला तेथील समीक्षेत महत्त्वाचे स्थान आहे.

'पार्श्वभूमी' ही संज्ञा प्रस्तुत लेखात याच अर्थाने वापरली आहे. वादकाचे गाव, जात, धर्म आणि घर एवढ्यापुरती ती मर्यादित नाही. त्याने संगीत कोणत्या पद्धतीने ग्रहण केले, कानाने की लिपीने, एकट्याने की समूहात, उपासनेसाठी की करमणुकीसाठी, या सर्वांचा तिच्यात समावेश होतो.

चर्चच्या शाळेतील तालीम

गोव्यात सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती धर्मपीठाने चर्चला जोडून शाळा चालविल्या. त्या शाळांत धर्मशिक्षणाबरोबर संगीताचेही शिक्षण दिले जात असे. प्रार्थनेसाठी गायकवृंद आणि वाद्यवृंद आवश्यक होता आणि तो गावातील मुलांमधूनच तयार करावा लागे. त्यामुळे स्वरलेखन वाचणे, स्वरांची नावे घेत ते अचूक गाणे, व्हायोलिन धरणे आणि समूहात आपल्या वाट्याची स्वरावली सांभाळणे या गोष्टी सामान्य शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या मुलालाही शिकावयास मिळाल्या. संगीतशिक्षण धनिकांच्या दिवाणखान्यापुरते उरले नाही, हे या व्यवस्थेचे सामाजिक वैशिष्ट्य होय. धर्मांतराचा व परकी सत्तेचा इतिहास या व्यवस्थेच्या मुळाशी आहे, हेही विसरता येत नाही. तथापि एखाद्या व्यवस्थेचा हेतू आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या माणसांचे कर्तृत्व या दोन गोष्टींची गल्लत करणे समीक्षेला परवडणारे नाही.

या तालमीचे तीन विशेष पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहेत. पहिला विशेष लिपीचा. हा वादक कागदावर लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवू शकत असे. दुसरा विशेष समूहाचा. चर्चमधील गायनात अनेक स्वरपंक्ती एकाच वेळी चालतात, म्हणून आपली ओळ वाजवीत असताना शेजाऱ्याची ओळ ऐकण्याची सवय त्याला लहानपणीच लागे. तिसरा विशेष म्हणजे अनामिकता. प्रार्थनेत वाजविणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. पहिल्या दोन विशेषांमुळे हा वादक पुढे मुंबईत अपरिहार्य ठरला आणि तिसऱ्या विशेषाची पुनरावृत्ती तेथेही झाली.

गोव्यात पुरेसा रोजगार नसल्याने हे वादक ब्रिटिश हिंदुस्थानात आले. लष्करी बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटांना साथ करणारे वाद्यवृंद, रेल्वेच्या संस्था आणि थंड हवेच्या ठिकाणची हॉटेले येथे त्यांना कामे मिळाली. मुंबईत धोबीतलाव व माझगाव भागांतील 'कूड' म्हणजे एकेका गावच्या लोकांनी चालविलेली सामायिक निवासस्थाने हा त्यांचा पहिला आसरा होता. गावच्या चर्चमध्ये एकत्र वाजविलेली मुले शहरातही एकाच छपराखाली राहत. बँड जुळविण्यास यासारखी अनुकूल परिस्थिती दुसरी नव्हती.

हॉटेल ते ध्वनिमुद्रणगृह

१९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी या आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड यांसारखे वादक तेथे येत राहिले. गोमंतकीय वादकांना त्यांच्याकडून प्रत्यक्ष पाहून आणि ऐकून जॅझ शिकता आला. येथे त्यांच्या पहिल्या तालमीची कसोटी लागली. चर्चच्या शाळेने त्यांना कागदावरचे अचूक वाजविण्यास शिकविले होते, तर जॅझची अपेक्षा कागदापलीकडचे तत्क्षणी सुचलेले वाजविण्याची होती. लिपीत वाढलेल्या हाताला उत्स्फूर्ततेची दीक्षा आफ्रिकी-अमेरिकी वादकांनी दिली. मुंबईच्या बँडसंगीताची ही दुसरी शाळा म्हणावी लागेल.

हे बँड केवळ गोमंतकीयांचे नव्हते. सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन यांचे मूळ नाव कावसजी खटाव होते आणि ते पारशी होते. केन मॅक हे अँग्लो-इंडियन होते. लॅटिन अमेरिकन तालवाद्यांच्या संदर्भात ज्यांचे नाव चित्रपटसंगीतात आदराने घेतले जाते ते कावस लॉर्डही पारशी. एका व्यासपीठावर भिन्न घरांतून आणि भिन्न शाळांतून आलेले वादक एकत्र येत आणि कागदावरील स्वरलेखन ही त्यांची समान भाषा असे.

मुंबई प्रांताच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील या संगीताला ओहोटी लागली. अमेरिकेत दारूबंदी उठल्यामुळे पानगृहांतील संगीत बहरले आणि मुंबईत दारूबंदी आल्यामुळे ते मावळू लागले, ही तुलना उद्बोधक आहे. मात्र मुंबईतील वादकांना दुसरा मार्ग उपलब्ध होता. याच सुमारास हिंदी चित्रपटांतील वाद्यवृंद मोठे होत होते आणि त्यांना कागद वाचणाऱ्या वादकांची निकड होती. दिवसा ध्वनिमुद्रण आणि रात्री हॉटेल असा दुहेरी व्यवसाय अनेकांनी पूर्वीच सुरू केला होता. आता त्यांतील पहिला व्यवसाय मुख्य झाला. संगीतकार चाल हार्मोनियमवर गाऊन दाखवीत, संयोजक ती कागदावर उतरवून तिच्याभोवती वाद्यांचे संगीत रचीत आणि तेच कागद वादकांपुढे ठेवले जात. संयोजकाची ही भूमिका दीर्घकाळ प्रामुख्याने गोमंतकीयांकडे राहिली.

समान तालीम, भिन्न वाटा

पार्श्वभूमीवरून कलावंताची कला सरळ उलगडते, असा समज होण्याचा धोका येथे संभवतो. तो टाळण्यासाठी तीन वादकांचा तौलनिक विचार उपयुक्त ठरेल.

अँटोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) हे बार्देशातील हळदोण्याचे. गावातील चर्चच्या शाळेत त्यांचे प्रारंभिक संगीतशिक्षण झाले. मुंबईत ते ट्रम्पेटवादक 'चिक चॉकलेट' म्हणून प्रसिद्धीस आले आणि 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' अशी त्यांची ख्याती झाली. आर्मस्ट्राँगची वादनशैलीच नव्हे, तर गाण्याची घोगरी ढबही त्यांनी उचलली. श्रोत्यांसमोर उभे राहून त्यांना जिंकणे हा त्यांच्या कलेचा गाभा होता.

सेबॅस्टियन डिसोझा (१९०६–१९९८) हे रेइश मागुशचे. फाळणीपूर्वी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात ते स्वतःचा बँड चालवीत. फाळणीनंतर ते मुंबईत आले आणि प्रथम ओ. पी. नय्यर व पुढे दीर्घकाळ शंकर-जयकिशन यांचे संयोजक म्हणून त्यांनी काम केले. गायकाची चाल चालू असताना व्हायोलिनसमूहाने तिच्याशी संवाद करणारी स्वतंत्र स्वरपंक्ती वाजवावी, हे त्यांच्या संयोजनाचे ओळखचिन्ह मानले जाते. चर्चमधील अनेकपंक्ती गायनाशी याचे नाते उघड आहे. श्रोत्यांपुढे येणे त्यांनी सोडून दिले आणि संपूर्ण वाद्यवृंद हेच आपले वाद्य मानले.

अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे सासष्टीतील माजोर्ड्याचे. त्यांचे वडील तेथील चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख होते. १९४३ मध्ये ते मुंबईत आले आणि चित्रपटांत व्हायोलिन वाजवू लागले. तथापि त्यांचे मन रागसंगीताकडे ओढले गेले. रागाचे चलन आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदाची रचना यांचा मेळ घालण्यासाठी १९५८ मध्ये त्यांनी वाद्यवृंद उभारला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्याचे कार्यक्रम झाले आणि लता मंगेशकर, मन्ना डे यांनी त्यांत गायन केले. १९६५ मध्ये ते अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले आणि परतल्यावर माजोर्ड्यात निवृत्त जीवन जगले.

तिघांच्याही घडणीची सुरुवात चर्चच्या संगीतव्यवस्थेत झाली, परंतु एकाने मंचाची, दुसऱ्याने कागदाची आणि तिसऱ्याने रागाची वाट धरली. याचा अर्थ असा की, पार्श्वभूमी वादकाला साधने देते, त्या साधनांचे काय करावयाचे हे मात्र ठरवीत नाही. ते ठरविण्यात कामाचे ठिकाण, सोबतचे वादक आणि वादकाची स्वतःची निवड यांचा वाटा असतो. पार्श्वभूमी मुळीच न पाहणारी समीक्षा जशी अपुरी, तशीच केवळ पार्श्वभूमी पाहणारी समीक्षाही अपुरी ठरते.

'अलबेला' : एका मेळाचे वाचन

उपरोक्त विवेचनाची पडताळणी 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाच्या संगीतावर करता येते. या चित्रपटाचे दिग्दर्शक व नायक भगवान दादा, म्हणजे भगवान आबाजी पालव, हे मुंबईच्या गिरणगावच्या वातावरणात वाढलेले. संगीतकार सी. रामचंद्र (१९१८–१९८२), म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, हे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. त्यांचे संगीताचे शिक्षण नागपूर येथे शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे झाले. चित्रपटात ते आले ते मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये हार्मोनियमवादक म्हणून. 'शहनाई' (१९४७) पासून त्यांनी पाश्चात्त्य ठेक्यांचा धीटपणे वापर केला. चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक होते आणि 'अलबेला'तील एका नृत्यगीतात त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो.

या नृत्यगीताचा पाया लॅटिन अमेरिकन नृत्याच्या लयीचा आहे. ओळी संपतात तेथे पितळी वाद्ये उत्तरे देतात आणि ती उत्तरे हॉटेलातील बँडच्या धाटणीची, छोटी, टोकदार व आघातयुक्त असतात. मात्र गायनाची मूळ चाल त्या लयीत बंदिस्त राहत नाही. ती सोप्या, वळणदार, सहज ओठांवर बसणाऱ्या मराठी-हिंदी गीतपरंपरेची आहे. ती वाजंत्र्याच्या नव्हे, हार्मोनियमवर चाल बांधणाऱ्या माणसाच्या बोटांतून आली आहे. याच चित्रपटात पिलूच्या अंगाची एक अंगाई आहे. दोन्ही रचना एकाच संगीतकाराच्या आहेत, हे प्रथम ऐकणाऱ्यास खरे वाटू नये इतके त्यांचे वातावरण भिन्न आहे.

या भिन्नतेचे स्पष्टीकरण 'संगीतकाराची अष्टपैलू प्रतिभा' असे एका वाक्यात दिले जाते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. नृत्यगीतातील नाद ज्या हातांनी निर्माण केला ते हात हॉटेलात, आणि त्यापूर्वी चर्चमध्ये घडले होते. सी. रामचंद्र यांचे श्रेष्ठत्व यामुळे कमी होत नाही. आपल्याजवळ नसलेली विद्या कोणाकडे आहे हे ओळखणे, त्या माणसाला मोकळीक देणे आणि तरीही चालीचे स्वत्व न गमावणे, हे त्यांचे वेगळे श्रेष्ठत्व ठरते. समीक्षेने वादकाला जागा दिली की संगीतकाराची जागा हिरावली जाते, ही भीती निराधार आहे.

येथे एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. विनायकबुवा पटवर्धन हे विष्णु दिगंबर पलुसकर यांचे शिष्य आणि पलुसकरांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली ती १९०१ मध्ये लाहोर येथे. संगीत संस्थेत, लिपीच्या साहाय्याने आणि सर्वांना खुले करून शिकवावे, हा पलुसकरांचा आग्रह होता. काही दशकांनी त्याच लाहोरात सेबॅस्टियन डिसोझा हॉटेलात बँड वाजवीत होते. एक परंपरा स्वदेशीची, दुसरी साहेबी करमणुकीची. दोघींचा प्रत्यक्ष संबंध आला असे सुचविण्याचे कारण नाही. तथापि समूहशिक्षण आणि स्वरलेखन या दोन आधारांवर दोन्ही परंपरा उभ्या होत्या आणि मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात त्यांचे वारस शेजारी बसू शकले, ते याच समान आधारांमुळे.

प्रचलित समीक्षादृष्टीची चिकित्सा

बँडसंगीताविषयी मराठीत साधारणतः तीन भूमिका आढळतात.

पहिली भूमिका उसनवारीची. हे संगीत परके आहे आणि त्याचे वादक अनुकरण करणारे आहेत, असे ती मानते. अनुकरण घडले हे नाकारता येत नाही. चिक चॉकलेट यांची ख्यातीच दुसऱ्याच्या नावाने झाली. पण अनुकरण हा कोणत्याही तालमीचा पहिला टप्पा असतो. ख्यालगायकीतील शिष्यही प्रथम गुरूचेच आवर्तन गिरवितो. तेथे त्याला 'तालीम' म्हणावयाचे आणि येथे 'नक्कल' म्हणावयाचे, हा न्याय नव्हे. खरा प्रश्न अनुकरणानंतर काय घडले हा आहे आणि डिसोझांच्या संयोजनांतून व गोन्साल्विस यांच्या वाद्यवृंदातून त्याचे उत्तर मिळते.

दुसरी भूमिका उपजत गुणाची. 'गोव्याच्या मातीतच संगीत आहे' हे वाक्य कौतुकाने उच्चारले जाते. ते ऐकण्यास गोड असले तरी त्यामुळे शिक्षणाचे श्रम अदृश्य होतात. रोज स्वरवाचन करणारा विद्यार्थी, त्याला शिकविणारा गावचा शिक्षक आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली शाळा यांचे श्रेय मातीला देणे म्हणजे माणसांकडून ते काढून घेणे होय. हळदोण्याची माती ट्रम्पेट शिकवीत नाही.

तिसरी भूमिका अन्यायाची. या वादकांची नावे तबकड्यांवर छापली गेली नाहीत, संयोजकाला संगीतकाराच्या सावलीत राहावे लागले, असे ती सांगते. ही भूमिका वस्तुस्थितीला धरून आहे. तबकडीवर गायक, गीतकार व संगीतकार यांची नावे असत आणि वाद्यवृंद अनामिक राही. अलीकडील काळात ग्रेगरी बूथ यांचा चित्रपटवादकांवरील ग्रंथ (२००८), नरेश फर्नांडिस यांचा मुंबईतील जॅझवरील ग्रंथ (२०१२) आणि ख्रिस पेरी व लॉर्ना यांच्या संगीतावर आधारित 'नाचूया कुंपासार' (२०१४) हा कोंकणी चित्रपट यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. मात्र अन्यायाची नोंद म्हणजे समीक्षा नव्हे. 'त्याला श्रेय मिळाले नाही' असे म्हटल्यावर 'श्रेय नेमके कशाचे?' या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते आणि ते स्वरांत शोधावे लागते. ते न शोधता केलेली हळहळ वादकाला पुन्हा एकदा अनामिकच ठेवते.

या संदर्भात अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण मार्मिक आहे. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातील एका विनोदी गीतामुळे त्यांचे नाव देशभर पोहोचले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल बालपणी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते आणि गुरूला ती त्यांची मानवंदना होती. शिष्याने गुरूचे नाव कोट्यवधी लोकांच्या ओठांवर ठेवले, पण त्या नावाचा कोणी व्हायोलिनवादक होता हे त्यांतील फार थोड्यांना कळले. नाव राहिले आणि माणूस हरवला. प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा हे स्वतः ट्रम्पेटवादक होते. म्हणजे घरातील एक तालीम आणि गोमंतकीय गुरूची दुसरी तालीम असे दोन प्रवाह प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदात मिळाले. हा तपशील गाळून त्यांच्या संगीताची केलेली चर्चा घराण्याचा उल्लेख गाळून केलेल्या ख्यालचर्चेइतकीच पोकळ ठरेल.

मराठवाड्याच्या संदर्भात प्रश्नाचे स्वरूप

हा विषय मुंबई-गोव्यापुरता मर्यादित आहे, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः लहान गावांच्या दृष्टीनेही तो तितकाच निकडीचा आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात राजूर हे राजुरेश्वर गणपतीचे क्षेत्र आहे. अंगारकी चतुर्थीला तेथे मोठी गर्दी लोटते. अशा क्षेत्रांच्या परिसरात मिरवणुका, जत्रा आणि लग्नाच्या वराती यांच्या आधारावर सनई, संबळ, हलगी वाजविणाऱ्यांची आणि पुढे बँडपार्ट्यांची व बेंजोपार्ट्यांची परंपरा टिकून राहिली. बँडपार्टीचा उगम लष्करी बँडमध्ये आहे आणि जालना हेही एकेकाळी लष्करी छावणीचे गाव होते. गणवेश, झालरी, पितळी वाद्ये आणि रांगेतील चाल या खुणा आजही त्या उगमाची साक्ष देतात.

मराठवाड्यातील बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजविणारा वादक अनेकदा सनईच्या किंवा हलगीच्या घरातून आलेला असतो. त्यामुळे चित्रपटातील चाल वाजविताना तो स्वर सरळ न लावता सनईच्या मिंडेने लावतो आणि ताशाचा ठेका गावच्या पालखीच्या चालीने चालतो. ज्या चालीभोवती गोमंतकीय संयोजकाने कागदावर स्वररचना उभी केली, तीच चाल येथे कागदाशिवाय, कानाने उचलून आणि वेगळ्या हातवळणाने पुन्हा घडविली जाते. गोव्यातील चर्चची शाळा आणि मराठवाड्यातील पिढीजात वाजंत्र्याचे घर यांची गाठ अशी वरातीत पडते. एका बाजूस लिपी, दुसऱ्या बाजूस श्रुती, आणि मध्ये चित्रपटाचे गाणे, असा हा व्यवहार आहे.

दोहोंतील भेदही लक्षात घेणे आवश्यक आहे. गोमंतकीय वादकाला त्याच्या लिपीज्ञानामुळे शहरात मोबदला आणि काही प्रमाणात प्रतिष्ठा मिळाली. मातंग, गुरव इत्यादी समाजांतील पिढीजात वादकाच्या विद्येला मात्र जातीचे काम मानले गेले. त्याचे वादन मंगल मानले गेले, पण वादकाला मान मिळाला नाही. 'पार्श्वभूमी' हा शब्द त्याच्या बाबतीत जातीचा पर्याय म्हणून वापरला गेला आणि त्याच्या तालमीचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. म्हणून पार्श्वभूमीचा अभ्यास करताना 'हा कोणत्या घरचा?' या प्रश्नापाशी न थांबता 'याने काय शिकले, कोणाकडून शिकले आणि त्याचे काय केले?' हे विचारणे नैतिकदृष्ट्याही आवश्यक ठरते.

ध्वनिमुद्रणगृहांतील मोठे वाद्यवृंद इलेक्ट्रॉनिक वाद्यांमुळे गेल्या शतकाच्या अखेरीस विसर्जित झाले. गावांतील बँडपार्ट्यांपुढे डीजेने तेच संकट उभे केले आहे. मुंबईच्या वादकांपैकी काहींच्या मुलाखती वेळीच घेतल्या गेल्या, म्हणून त्यांची घडण आज सांगता येते. मराठवाड्यातील वयोवृद्ध क्लॅरिनेटवादकांच्या बाबतीत हे काम झालेले नाही. ते परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी, समाजशास्त्र आणि संगीत विभागांनी एकत्रितपणे करण्यासारखे आहे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. वादकाचे नाव, त्याचा गुरू, पहिले वाद्य, पहिली पार्टी, चाल उचलण्याची रीत आणि त्याच्या वादनाचे ध्वनिमुद्रण एवढी नोंदही पुढील अभ्यासकाला पुरेल.

निष्कर्ष

१. बँडसंगीताला घराणे नसले तरी तालीम असते. मुंबईतील गोमंतकीय वादकांच्या बाबतीत चर्चची शाळा, हॉटेलातील जॅझ आणि ध्वनिमुद्रणगृह असे या तालमीचे तीन टप्पे स्पष्टपणे दाखविता येतात.

२. वादकाची पार्श्वभूमी त्याच्या संगीतात ऐकू येते. संवादी स्वरपंक्ती, पितळी वाद्यांची उत्तरे, कागद वाचण्याची क्षमता आणि समूहाचे भान ही तिची श्राव्य रूपे होत. म्हणून तिचा विचार चरित्रलेखनाइतकाच समीक्षेच्याही कक्षेत येतो.

३. समान पार्श्वभूमीतून चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस असे तीन भिन्न कलावंत घडले. त्यामुळे पार्श्वभूमीला निर्णायक मानणारी भूमिका ग्राह्य ठरत नाही.

४. उसनवारी, उपजत गुण आणि अन्याय या तिन्ही प्रचलित भूमिका वादकाच्या प्रत्यक्ष वादनापर्यंत पोहोचत नाहीत. पहिली त्याला कमी लेखते, दुसरी त्याचे श्रम पुसते आणि तिसरी त्याच्याविषयी हळहळून थांबते.

५. मराठवाड्यातील बँडपार्टीच्या वादकांची घडण नोंदविणे हे तातडीचे कार्य आहे. संगीतातील प्रत्येक हाताला कोणीतरी वळण दिलेले असते. ते वळण ओळखण्याची क्षमता समीक्षेने आधी ऐकणाऱ्या कानांत निर्माण केली पाहिजे, कारण ज्याचे वळण ओळखले जात नाही त्याचे नाव लक्षात राहिले तरी, गोन्साल्विस यांच्याप्रमाणे, केवळ नावच राहते.